सार्वकालिक जीवन मेल्यावर मिळतं की आत्ताच? (योहान वाचताना पडलेला प्रश्न)

रानवारा
ऑफिसमधल्या एका मित्राने नवा करार (बायबलचा दुसरा भाग) दिलेला, बरेच महिने कपाटात पडून होता, हल्ली येताजाता लोकलमध्ये त्यातलं योहानाचं शुभवर्तमान वाचतोय. मी ख्रिस्ती नाही आणि धर्म बदलायचं काही डोक्यात नाही, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे दोन्हीकडची मंडळी निवांत राहतील :)

तर माझी आजवरची समजूत अशी की येशूवर विश्वास ठेवला की मेल्यावर स्वर्ग, नाही ठेवला तर नरक, संपला विषय. भिंतींवर रंगवलेलं असतं तेही असंच काहीतरी. पण इथे वाचताना वेगळंच दिसायला लागलं. तिसऱ्या अध्यायात तो निकदेम नावाचा परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी गटातला) रात्री गुपचूप भेटायला येतो, त्याला येशू म्हणतो नव्याने जन्म घ्यावा लागेल, तो बिचारा विचारतो आता या वयात आईच्या पोटात परत कसं जायचं, आणि त्याच बोलण्यात पुढे ते फेमस ३:१६ येतं, म्हणजे सोळावं वचन, देवाने जगावर एवढी प्रीती केली की आपला एकुलता एक पुत्र दिला, विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून. चौथ्यात विहिरीवरची बाई आणि जिवंत पाणी, सहाव्यात जीवनाची भाकर, अकराव्यात मेलेल्या लाजरला येशू परत उठवतो. आणि मधे पाचव्या अध्यायात चोविसाव्या वचनात तर सरळ म्हटलंय की जो ऐकतो आणि विश्वास ठेवतो तो मरणातून जीवनात पार गेला आहे. गेला आहे, जाईल असं नाही!

म्हणजे हे सार्वकालिक जीवन आत्ताच सुरू होतं असं ख्रिस्ती लोक मानतात का? आणि तसं असेल तर ती माणसं मरतात ते काय मग? आणि एक प्रश्न विचारू की नको असं झालंय पण विचारतोच, ज्यांनी येशूचं नावसुद्धा कधी ऐकलं नाही अशांचं काय? टिंगल नाही, खरंच विचारतोय.

तर्कटराव
सोपं उत्तर देतो. एलआयसीची पॉलिसी आहे. हप्ता आत्ता भरायचा, पैसे मेल्यावर, आणि क्लेम सेटल झाला की नाही हे सांगायला आजवर कोणी परत आलेलं नाही.

येशू_तारणारा_७
भावा फुकट आहे हप्ता बिप्ता काही नाही. प्रभू येशूने वधस्तंभावर सगळी किंमत भरली आहे. फक्त विश्वास ठेव आणि तारण घे. आमेन. रोम ६:२३ वाच.

तर्कटराव
फुकट म्हटलं की मी आधी अटी आणि शर्ती वाचतो.

नगरी_चिंच
तर्कटराव, परत आलेलं कोणी नाही असं तुम्ही म्हणता आणि एक जण परत आला असं आमचं म्हणणं, भांडण तेवढंच आहे, त्यामुळे विनोद चांगला असला तरी मुद्दा जिथे सुरू होतो तिथेच तुम्ही थांबलात :)

रानवारा, चांगला प्रश्न आहे आणि खरं सांगायचं तर आमच्या मंडळीत जन्मापासून बसणाऱ्या लोकांनाही हा पडत नाही. मी नगर जिल्ह्यातला प्रोटेस्टंट, ख्रिस्ती म्हणून चौथी पिढी, घरात सकाळ संध्याकाळ प्रार्थना, रविवारी उपासना, त्यामुळे ३:१६ बोलता यायला लागलं तेव्हापासून पाठ. पाठ असलेलं वाक्य माणूस वाचत नाही हा एक तोटा.

माझ्या मते याचं उत्तर अकराव्या अध्यायात लाजरच्या बहिणीशी, मार्थाशी, जे बोलणं झालंय त्यात आहे. लाजर मेला, येशू मुद्दाम उशिरा पोचला, चार दिवस झालेत, आणि मार्था रस्त्यातच त्याला गाठून जवळजवळ जाबच विचारते की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू म्हणतो तुझा भाऊ पुन्हा उठेल. आता लक्ष द्या, मार्था काय म्हणते, ती म्हणते हो, शेवटच्या दिवशी उठेल हे मला माहीत आहे. म्हणजे मेलेले उठतील ही कल्पना येशूने नव्याने आणली असं नाही, त्या काळचे परूशी ते मानतच होते, सदूकी (याजक घराण्यांचा दुसरा गट) मानत नव्हते, त्यांची त्यावरून आपसात वादावादी चालायची. मार्थाच्या तोंडी आहे तो तिच्या घरात शिकवलेला धर्म आहे. आपणही कोणाच्या मयतीला गेल्यावर असंच बोलतो ना, देवाची इच्छा, चांगल्या ठिकाणी गेले वगैरे.

आणि त्यावर येशू तिची शिकवण चुकीची आहे असं म्हणत नाही. तो म्हणतो "पुनरुत्थान व जीवन मीच आहे". म्हणजे ती ज्या दिवसाची वाट बघतेय तो दिवस तिच्यासमोर रस्त्यात उभा आहे. मला वाटतं योहानाचं अख्खं शुभवर्तमान या एका वाक्यासाठी लिहिलंय. सार्वकालिक जीवन ही येशू नंतर कधीतरी पाठवून देणार आहे अशी वस्तू राहत नाही, ते त्याच्यातच आहे, म्हणून जो त्याला जोडला गेला त्याचं ते आत्ताच सुरू झालं. सतराव्या अध्यायात तर व्याख्याच दिलीय, एकच खरा देव आणि त्याने पाठवलेला येशू ख्रिस्त यांना ओळखणं हेच सार्वकालिक जीवन. ओळखणं. किती वर्षं टिकेल याचा तिथे हिशोबच नाही.

आता मरतात ते काय. मरतातच. येशू "मेला असला तरी जगेल" असं म्हणतो, त्यात "मेला" आहेच की. मरण रद्द झालं असा दावा नाही, मरणाने ते नातं तुटत नाही असा दावा आहे.

तर्कटराव
बरं मग लाजर पुढे मेला की नाही परत?

पाचूबंदर
मेला ना! सायप्रसला लार्नाका नावाचं गाव आहे तिथे त्याच्या नावाचं जुनं चर्च आहे, नवव्या शतकातलं, तिकडची परंपरा सांगते की तो पुढे तिथे बिशप झाला आणि तिथेच त्याला पुरलं. आणि पहिली कबर जेरुसलेमजवळ बेथानीला, त्या गावाला आज अरबीत अल-इझारिया म्हणतात, लाजरच्याच नावावरून. आमच्याकडचे लोक होली लँड टूरला गेले की तिथे जातात, अरुंद पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. एका माणसाच्या दोन कबरी, असा जगात दुसरा कोणी नसेल.

म्हणून तर त्याला चिन्ह म्हणतात, लाजर उठला ते सार्वकालिक जीवन नव्हे, त्याला हेच साधं आयुष्य थोडं जास्त मिळालं. येशू उठला ते वेगळं, तो परत मरत नाही.

नमस्कार सगळ्यांना, मी वसईचा, कोळी, कॅथलिक.

रानवारा
दोन कबरीवाला माणूस, हे भारी आहे. आणि नगरी, मार्थाचं बोलणं मी सरळ पुढे वाचून गेलो होतो, चमत्कार कधी येतो याच घाईत होतो.

नगरी_चिंच
सगळे तसंच वाचतात. त्या अध्यायात अजून दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे येशू रडला. त्याला माहीत आहे की पाच मिनिटात आपण याला बाहेर काढणार आहोत, तरी लाजरची दुसरी बहीण मरीया आणि बाकीचे रडताना बघून तो रडतो. मरणाला "आत्मा अमर आहे, शोक कशाला" असं म्हणून बाजूला सारत नाही. ख्रिस्ती विचारात मरण हा शत्रू आहे, नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणाऱ्या पौलाने तर त्याला शेवटचा शत्रू म्हटलंय. आमच्यातले काही पाळक मयतीत म्हणतात रडू नका आनंद करा, मला ते पटत नाही, येशू स्वतः रडला तर आपण कोण लागून गेलो.

दुसरी गोष्ट, लाजर बाहेर आला म्हणून लोक खूश झाले आणि गोड शेवट झाला असं नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी सभा भरते आणि कयफा नावाचा प्रमुख याजक ठरवतो की या येशूला संपवायचं. म्हणजे एकाला जीवन दिलं त्याची किंमत देणाऱ्याने स्वतःच्या जिवाने चुकवली, हे योहानाने गोष्टीतच गुंफलंय. आणि बाराव्या अध्यायात तर हद्द आहे, मुख्य याजक लाजरलाही मारायचा विचार करतात, कारण त्याला बघून लोक येशूकडे जातात. नुकता जिवंत झालेला माणूस, त्याला पुन्हा मारायचा प्लॅन!

इंद्रायणीकाठ
मी वारकरी घरातला. तुम्ही जे ओळखणं म्हणताय ते वाचून मला एकदम आपलं "हेचि दान देगा देवा तुझा विसर न व्हावा" आठवलं. तिथे तुकोबा मुक्ती आणि संपदा दोन्ही नको म्हणतात, संतसंग द्या म्हणतात, आणि शेवटी तर म्हणतात गर्भवासी सुखे घालावे आम्हासी, म्हणजे हजार वेळा जन्माला आलो तरी चालेल पण तुझा विसर नको. म्हणजे मेल्यावर काय मिळणार हा प्रश्नच नाही, देवाशी नातं आहे हीच प्राप्ती. मग फरक काय राहिला?

पाचूबंदर
म्हणूनच आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणायचे ना की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

नगरी_चिंच
जवळीक आहे हे खरंच, टिळकांचे अभंग आमच्या उपासनेत आजही म्हणतात आणि टाळ मृदंगावर कीर्तनंही होतात. पण इंद्रायणीकाठ, सगळं एकच म्हणून मी गुंडाळणार नाही, तुम्हालाही ते आवडणार नाही. तुकोबा पुन्हा जन्म आनंदाने घ्यायला तयार आहेत, आमच्याकडे पुनर्जन्म नाहीच, एकदा मरण आणि नंतर न्याय. आणि अजून एक मोठा फरक म्हणजे देह. ख्रिस्ती मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, आम्ही दर रविवारी म्हणतो की देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे. आत्मा सुटला, देह टाकून दिला, असं नाही. पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात बियाणं आणि पीक असं समजावतो, पेरतो ते एक आणि उगवतं ते वेगळं पण तेच. थोमा नावाच्या शिष्याला येशूने जखमा दाखवल्या त्या पुनरुत्थानानंतरच्या, म्हणजे उठलेल्या देहावरही खुणा होत्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माणसाने जे सोसलं ते पुसून टाकून नवं कोरं नाही मिळत.

पाचूबंदर
आणि मासे खाऊ घातले! योहानाचा एकविसावा अध्याय. किनाऱ्यावर निखारे पेटवून त्यावर मासळी आणि भाकर ठेवलीय आणि येशू म्हणतो या न्याहारी करा. रात्रभर जाळं टाकून काही नाही आणि सकाळी त्याच्या सांगण्यावरून टाकलं तर १५३ मासे. लोक या आकड्याचे काय काय गूढ अर्थ लावतात, शेकडो वर्षं लावतायत, आमच्या बंदरावर कुणालाही विचारा, वाटणी करायची असेल तर मोजावेच लागतात.

मेघना_न्यूजर्सी
छान चाललाय धागा. इकडे अमेरिकेत ३:१६ म्हणजे फुटबॉल मॅचला प्रेक्षकांतला कोणीतरी बोर्ड धरून उभा असतो, २००९ मध्ये टिम टीबो नावाचा खेळाडू कॉलेजच्या फायनलला डोळ्याखालच्या काळ्या पट्टीवर ते लिहून उतरला तर त्या दिवशी लाखो लोकांनी गूगलवर शोधलं म्हणे काय आहे ते. पण माझ्या शेजारच्या चर्चमध्ये जे ऐकते त्यात बऱ्याचदा तर्कटराव म्हणतात तसंच वाटतं, एकदा एक प्रार्थना म्हटली, हात वर केला, झालं, तिकीट कन्फर्म. मग शेजाऱ्याशी कसंही वागा.

मला यात बोनहॉफर आठवतो, जर्मन पाळक, हिटलरच्या विरोधात गेलेला. त्याने १९३७ मध्येच स्वस्त कृपा हा शब्द वापरून यावर कोरडे ओढले होते. ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं, युरोपातलं युद्ध संपायला महिनासुद्धा उरला नव्हता. बरोबरच्या एका ब्रिटिश कैद्याने नंतर लिहून ठेवलं की नेताना तो म्हणाला हा शेवट आहे, पण माझ्यासाठी जीवनाची सुरुवात. असं बोलायला आधीपासून काहीतरी सुरू झालेलं असावं लागत असणार, असं मला वाटतं, आणि मी फार धार्मिक वगैरे नाही.

येशू_तारणारा_७
ताई कर्माने तारण नाही. इफिस २:८-९. विश्वासानेच.

पाचूबंदर
आणि याकोबाचं पत्र? कर्मावाचून विश्वास निर्जीव आहे असं लिहिलंय ते कोणी फाडून टाकलं का. प्रभू येशूकडे तो श्रीमंत तरुण येऊन विचारतो ना सार्वकालिक जीवन मिळायला मी काय करू, तर त्याला येशू काय म्हणतो, विश्वास ठेव आणि घरी जा असं म्हणतो का? म्हणतो सगळं विक, गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. चांगल्या शोमरोन्याची गोष्टसुद्धा याच प्रश्नावर सांगितलीय, लूक दहावा अध्याय, शास्त्री विचारतो सार्वकालिक जीवनासाठी काय करू आणि उत्तरात रस्त्यात मार खाऊन पडलेला माणूस आणि त्याला उचलणारा परका शोमरोनी येतो.

येशू_तारणारा_७
येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराने कोणतं काम केलं? बाप्तिस्मा नाही, दानधर्म नाही, मिस्सा (कॅथलिक उपासना) नाही. तरी "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील".

नगरी_चिंच
हे बरोबर बोललात, चोराला उत्तर नाही :) पण पाचूबंदर जे म्हणतायत तेही टाकण्यासारखं नाही. या वादावर सोळाव्या शतकात युरोप फाटला, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गला लुथरन आणि कॅथलिक लोकांनी एकत्र सही केली की तारण हे कृपेनेच, आपल्या कुठल्या पुण्याईने नव्हे, आणि त्या कृपेतून चांगली कामं येतात. पुढे मेथडिस्टही त्यात आले. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण ज्या मुद्द्यावर एकमेकांना शाप दिले होते ते शाप आजच्या शिकवणीला लागू नाहीत असं दोघांनी मान्य केलं. आपल्याकडे मात्र नगर आणि वसई अजून सोळाव्या शतकातच भांडतात.

गोदाकाठचा
बरेच दिवस फक्त वाचतो, आज लिहितो.

टिळकांचं नाव निघालं, आता पंडिता रमाबाईंचं निघेल. दरवेळी हेच. ब्राह्मण माणूस ख्रिस्ती झाला की त्याचं चरित्र, कविता, पूल, आणि आमच्या आजोबा पणजोबांनी गावच्या गाव बाप्तिस्मा घेतला तर ते भाकरीसाठी गेले म्हणून मोकळे. नगर, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यातले बहुतेक ख्रिस्ती पूर्वाश्रमीचे महार आणि मांग समाजातले आहेत, आणि त्यांनी सार्वकालिक जीवन म्हणजे काय समजून घेतलं हे कोणी विचारलेलं मी पाहिलं नाही.

रानवारा तुम्ही विहिरीवरच्या बाईचा उल्लेख केलात आणि पुढे गेलात. आमच्याकडे योहानाचा हा चौथा अध्याय वेगळा ऐकू येतो. भर दुपारी येशू विहिरीवर बसलाय, शोमरोनी बाई येते, आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती दचकते. योहान लगेच सांगतो की यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तुम्ही यहूदी असून माझ्या हातचं पाणी कसं मागता, असा तिचा प्रश्न आहे. हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आजोबांना गावच्या आडावर चढता येत नव्हतं, वरून कोणी ओंजळीत ओतेल तेव्हा पाणी. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा, आणि त्याच काळात आमच्या वाड्यात मंडळी बसून हा अध्याय वाचत होती. तिथे ज्याच्याकडे जिवंत पाणी आहे, सार्वकालिक जीवनापर्यंत उफाळणारा झरा म्हणतो तो, तो आधी स्वतः तिच्या भांड्यातलं पाणी मागतो. देण्याच्या आधी मागतो. आजोबा म्हणायचे हा देव आपल्या हातचं प्याला, मग मेल्यावर तो मला बाहेर ठेवील याची भीती कशाला.

आणि ती बाई पुढे काय करते तर घागर तिथेच टाकून गावात जाते आणि सगळ्या गावाला बोलावून आणते. पाच नवरे झालेली, गावात जिला कोण विचारत होतं देव जाणे. तिचं जीवन तिथून सुरू झालं, मेल्यावर नाही. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे.

आता कोणी म्हणेल की म्हणजे ख्रिस्ती झालात आणि जात गेली. नाही गेली. लग्न जमवताना बघा, आमच्या मंडळीतही पूर्वीची जात विचारतात, आणि सवलतीच्या यादीत ख्रिस्ती दलित अजून अनुसूचित जातीत धरत नाहीत, म्हणजे इकडूनही नाही आणि तिकडूनही नाही. १९५० च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध घेतले, आम्ही बाहेर. मुद्दा भरकटला, असो. पण सार्वकालिक जीवन आत्ताच सुरू होतं असं म्हणायचं आणि आत्ता मंडळीत आडनाव विचारायचं, हे कसं जमतं ते मला अजून कोणा पाळकाने सांगितलेलं नाही.

नगरी_चिंच
गोदाकाठचा, याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमचे आजोबा जे म्हणायचे ते मी रविवारी बायबल क्लासमध्ये सांगू का? गाव आणि नाव न घेता.

गोदाकाठचा
सांगा की. आडनावांचं पण सांगा.

इंद्रायणीकाठ
ओंजळीतलं पाणी वाचून थांबलो. आमच्याकडे चोखोबा महाद्वाराबाहेरच राहिले, त्यांची समाधी पायरीशीच आहे. तुम्ही लिहिलंत बरं झालं.

मेघना_न्यूजर्सी
गोदाकाठचा, तुमचा राग समजला तरी रमाबाईंचं एक सांगतेच, कारण ते रानवाराच्या प्रश्नाशी थेट आहे. बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये, इंग्लंडात वाँटेजला. पण नंतर त्यांनी स्वतःच लिहिलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मात्र नव्हता मिळाला, तो बऱ्याच वर्षांनी मिळाला. म्हणजे सगळे विधी झालेले, पुस्तकं वाचलेली, परदेशात व्याख्यानं दिलेली, तरी त्यांच्या मते ते सुरू झालंच नव्हतं. मग केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातल्या शेकडो मुली बायकांना आणलं, आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत हिब्रू ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या. १९२२ ला गेल्या.

तर्कटराव
हे सगळं छान आहे, माणसं मोठी होती, कोण नाही म्हणतंय. पण माणूस चांगला जगला याने तो मेल्यावर जगतो हे सिद्ध होत नाही.

नगरी_चिंच
नाही होत, बरोबर. आणि हे तुमच्याआधी पौलाने म्हटलंय! तो करिंथकरांना लिहितो, येशूच्या मरणानंतर जेमतेम पंचवीस वर्षांत, की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आणि आम्ही सगळ्यात दयनीय माणसं. म्हणजे तो अनुभवावर, मनःशांतीवर टेकत नाही, घटना घडली की नाही यावर सगळं ठेवतो. ज्यांना येशू दिसला त्यांची यादी देतो आणि म्हणतो त्यातले बरेच अजून हयात आहेत, थोडक्यात जाऊन विचारा. आणि चारही शुभवर्तमानांत कबर रिकामी पहिल्यांदा बघतात त्या बायका, ज्या काळात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचायची असती तर मुख्य शिष्य पेत्राला आधी पाठवलं असतं. हा पुरावा तुम्हाला पुरेल असं म्हणत नाही, पण आंधळा विश्वास ठेवा असंही तिथे कोणी म्हणत नाही.

तर्कटराव
पुरत नाही. पण हप्त्याचा विनोद मागे घेतो, किमान तुमच्यापुरता. भिंतीवर रंगवणाऱ्यांसाठी राहू द्या.

धागाराखण (संपादक)
दोन प्रतिसाद काढले आहेत. धर्मांतर विरोधी कायदा, तांदळाची पोती, परदेशी पैसा यासाठी वेगळा धागा उघडा. इथे मूळ विषयावर बोला.

रानवारा
धन्यवाद संपादक. गोदाकाठचा, तुमचा प्रतिसाद वाचून चौथा अध्याय परत वाचला. शिष्य गावात अन्न आणायला गेलेत, परत आल्यावर तो बाईशी बोलतोय बघून चकित होतात पण कोणाची विचारायची हिंमत होत नाही, हे पहिल्या वेळी दिसलंच नव्हतं.

माझा शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यांनी टाळला :) ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांचं काय? माझी आई देवळात जाते, तिला येशूशी काही घेणंदेणं नाही, ती वाईट बाई नाही.

येशू_तारणारा_७
योहान १४:६ मार्ग सत्य जीवन मीच. दुसरा मार्ग नाही. आईसाठी प्रार्थना करतो.

रानवारा
प्रार्थनेबद्दल आभार, पण उत्तर तेवढंच असेल तर मी पुस्तक मिटतो.

पाचूबंदर
मिटू नका. कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये, व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेत, लेखीच दिलंय की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त माहीत नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकतं. मिळू शकतं, म्हणजे गॅरंटी देणारे आम्ही कोण. आणि देणारा येशूच, पण तो कोणाला कसा देतो त्याचा दरवाजा आमच्या ताब्यात नाही. आमच्याकडे २ नोव्हेंबरला सगळे सिमेट्रीत जातो, कबरी साफ करून मेणबत्त्या लावतो, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात, आणि मृतांसाठी प्रार्थना करतो. प्रोटेस्टंट भावांना हे चालत नाही, त्यांचं म्हणणं मेल्यावर निकाल लागला, आता कशाला. माझा बाप समुद्रात गेला, वादळात, पापं कबूल करून मरायला कोण फादर होता तिथे. मी दरवर्षी प्रार्थना करतो. देव काळाच्या बाहेर आहे असं शिकवतात ना, मग माझी आजची प्रार्थना त्याला त्या वेळी ऐकू आली असेल, एवढा हिशोब मी केलाय, बरोबर चूक फादरांनी ठरवावं.

नगरी_चिंच
आम्ही मृतांसाठी प्रार्थना करत नाही हे खरं, पण तुम्ही लिहिलंय त्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही.

रानवारा, १४:६ मी खोडणार नाही, ते आहे आणि तसंच आहे, येशूशिवाय जीवन नाही असंच मी मानतो. पण ते वाक्य कोणाला म्हटलंय बघा. थोमा म्हणतो आम्हाला वाट माहीत नाही, घाबरलेले आहेत सगळे, उद्या हा मरणार आहे, त्यांना धीर द्यायला म्हटलंय. शेजारच्याच्या आईला बाहेर काढायला लोक ते वापरतात, मी तसं वापरणार नाही. न्याय करायचं काम त्याच्याकडे आहे आणि तो लाजरच्या कबरीपाशी रडणारा आहे, एवढं मला पुरतं. तुम्हाला पुरेल असं नाही.

रानवारा
अर्धं पुरतं. पण टाळलं नाहीत हे आवडलं. दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिलीत हेही बरं झालं, मला वाटलं होतं सगळ्यांचं एकच छापील असेल.

आता सहावा अध्याय परत वाचायला घेतलाय, माझा देह खा रक्त प्या वाला, तिथे बरेच शिष्य हे वचन कठीण आहे म्हणून सोडून जातात असं लिहिलंय, मला त्या सोडून जाणाऱ्यांचं फार पटलं. पाचूबंदर, तुम्ही मिस्सात ते शब्दशः मानता ना? आणि नगरी, तुम्ही नाही?

पाचूबंदर
मानतो. पण ते आता नाही, पहाटे बोटीवर जायचंय. उद्या रात्री लिहितो, नगरीला तोवर लिहू देऊ नका.